धर्मश्रद्धेच्या प्रेमकथा : एका वाचकाचे मत



बाहेरच्या फलकावर आमचा विषय वाचून दोघातिघा स्नेह्यांनी काल आम्हाला हटकले. ख्रिस्ती धर्माच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या! हा विषय तुम्हाला सुचला तरी कुठून, असे त्यांचे म्हणणे. आम्ही ग्रंथकार नाही, टीकाकार नाही आणि ख्रिस्तीही नाही. आम्ही निव्वळ वाचक आहो. तेव्हा ह्या वाटेला कसे लागलो ते आधी सांगणे भाग आहे.

आमची सारी नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत गेली. पालघरला सकाळची गाडी पकडायची आणि बोईसरला उतरायचे. मध्ये एक उमरोळी. एवढ्या वेळात वाचून वाचून माणूस किती वाचणार? पण आमच्याच डब्यात वसईकडून येणाऱ्या एक बाई असत. जागा मिळो न मिळो, हातात इंग्रजी पुस्तक. वेष्टणावर लांब झग्यातील एक तरुणी, मागे गव्हाचे शेत आणि दूर एखादे लाकडी देऊळ. पुस्तक बदले, पण तरुणी आणि शेत बहुधा कायम. एके दिवशी आम्ही न राहवून विचारले, "बाई, हे असते तरी काय?" त्यांनी पुस्तक मिटून आमच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "वाचा काका, आणि मग सांगा." त्या दिवसापासून आम्ही वाचतो आहो, आणि आज सांगतो आहो.

ते पुस्तक जॅनेट ओक ह्या कॅनेडियन लेखिकेचे होते. १९७९ साली निघालेले 'लव्ह कम्स सॉफ्टली'. ह्या जातीच्या कादंबऱ्यांची आजची लाट अमेरिकेत ह्याच पुस्तकापासून उसळली असे मानतात. माळरानावर नवी वस्ती करायला निघालेल्या एका तरुण स्त्रीचा नवरा वाटेतच मरतो. जवळ पैसा नाही, परत जायला गाडी नाही. तेथला एक विधुर तिला म्हणतो, माझ्या लहान मुलीला आई हवी आहे. तू लग्न करून माझ्या घरी राहा, वसंत ऋतूत गाड्यांचा तांडा परत निघेल तेव्हा जावेसे वाटले तर मी भाडे देईन. ज्या दिवशी नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी दुसरे लग्न! आम्ही दचकलोच. पण पुढे लेखिका घाई करीत नाही. ह्या बाईला धड स्वयंपाक येत नाही, रोज तेच तेच धिरड्यासारखे काहीतरी ती करून घालते, आणि तो गृहस्थ निमूटपणे खातो. प्रेम आणि श्रद्धा दोन्ही चुलीजवळ बसून हळूहळू शिजतात. हे आम्हाला आवडले, आणि आजही आवडते.

मग मात्र आम्ही त्या बाईंकडून एकामागून एक दहाबारा पुस्तके नेली, आणि आमचे मन विटू लागले. कारण कुलूप कोणतेही असो, किल्ली एकच. नायक देखणा, पण देवावर रागावलेला, नायिका श्रद्धाळू. किंवा उलट. पावणेतीनशे पाने झाली की रागावलेला माणूस गुडघे टेकतो, आणि पुढच्याच प्रकरणात लग्नाची घंटा वाजते. आमची तक्रार श्रद्धेविषयी यत्किंचितही नाही. तक्रार हिशेबाविषयी आहे. श्रद्धा ठेवली म्हणून प्रियकर मिळाला, हा व्यवहार झाला. ज्याला श्रद्धेपायी काही सोडावे लागत नाही त्याची श्रद्धा वाचकाला कळावी कशी? आणि हे केवळ ख्रिस्ती लेखकच करतात असे कोणी समजू नये. आमच्या संतपटांत शेवटच्या रिळात देव येऊन दळण दळतो आणि सावकार पायांवर पडतो, तेथेही हिशेब हाच.

जुन्या मंडळींना हे भय ठाऊक होते. हेन्रिक शेन्केविच ह्या पोलिश लेखकाची 'क्वो वादिस' १८९६ साली ग्रंथरूपाने आली. नीरो बादशहाच्या काळचा एक रोमन सरदारपुत्र एका ख्रिस्ती मुलीवर लुब्ध होतो आणि तिच्या मागोमाग तिच्या देवाकडे ओढला जातो. आपल्याला देव हवा आहे की ती मुलगी, हे त्याचे त्यालाच कितीतरी वेळ उमगत नाही. येथे कादंबरी आहे! कारण ख्रिस्ती होणे म्हणजे रिंगणात सिंहापुढे उभे राहणे. हे भय काढून घ्या आणि तीच गोष्ट गव्हाच्या शेतात नेऊन ठेवा. खाली उरतो तो फक्त झगा.

असो. हे झाले परक्यांचे. एकदा गाडीतच त्या बाई म्हणाल्या, "काका, ह्या साऱ्या गोष्टी टेक्सासच्या नाहीतर इंग्लंडच्या. आम्ही चारशे वर्षांपासून ख्रिस्ती. आमची माणसं कुठल्या पुस्तकात आहेत?" आम्ही गप्प बसलो. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. अर्धे ठाऊक होते म्हणून.

ते अर्धे उत्तर असे. मराठीतली पहिली कादंबरी कोणती म्हणून आपण शाळेत पाठ केली? 'यमुनापर्यटन'. कोणी 'मुक्तामाले'ला तो मान देतात, पण ती १८६१ ची. 'यमुनापर्यटन' १८५७ चे. त्याचे कर्ते बाबा पदमनजी, बेळगावचे, १८५४ साली ख्रिस्ती झालेले. म्हणजे श्रोतेहो, मराठी कादंबरीचा जन्मच मुळी धर्मश्रद्धेच्या प्रेमकथेतून झाला आहे! हे पुस्तक आपण परीक्षेत लिहिले; वाचले किती जणांनी? आम्हीही वयाच्या साठीनंतर वाचले. मिशनचे पुस्तक म्हणून आपण ते कपाटात सन्मानाने बंद करून टाकले.

यमुना आणि विनायक हे नवराबायको शिकलेले. ते एकमेकांशी मित्रासारखे बोलतात. आणि हे त्या काळी, जेव्हा बायको नवऱ्याचे नावही घेत नसे. दोघे प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहतात, त्यांच्या कहाण्या ऐकतात. मग विनायक मरतो आणि आजवर जे यमुनेने पाहिले ते तिच्यावरच येते. सासरी केशवपनाची भाषा सुरू होते. अखेर ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी तिचे लग्न लागते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. त्याची शाई वाळते न वाळते तोच हे पुस्तक.

आता आमचे मत. कादंबरी म्हणून हे पुस्तक ठिकठिकाणी लंगडते. पाद्रीबोवांचे प्रवचन सुरू झाले की पात्रे बाजूला उभी राहून ऐकतात. हिंदूंच्या घरात एकही दिवा लागत नाही आणि ख्रिस्त्यांच्या घरात एकही विझत नाही, ही वाटणीही खरी नव्हे. शेवटचे लग्न तर अगदी टेक्सासच्या किल्लीने उघडलेले. तरीही पुस्तक हातातून खाली ठेववत नाही; कारण त्यात एका मुलीच्या डोक्यावरचे केस पणाला लागलेले आहेत. वस्तऱ्याचे ते भय लेखकाने कल्पनेने रचलेले नाही. ते घरोघरचे होते. 'क्वो वादिस'मधला सिंह आपल्या माजघरात बसलेला होता एवढेच.

आणि एक गोष्ट पदमनजींनी सोपी करून घेतली. यमुना आणि विनायक दोघांचाही ओढा एकाच बाजूला. पण एकच जण गेला तर? नवरा बाप्तिस्मा घेतो आणि बायको उंबऱ्याच्या आत राहते, मग? हे इतक्या घरांत घडू लागले की १८६६ साली सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जोडीदाराने धर्मांतरामुळे साथ सोडली तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला विवाह मोडून मागता येई. पण न्यायाधीशाने तो तडकाफडकी मोडायचा नाही. खटला वर्षभर तहकूब ठेवायचा आणि मधल्या काळात दोघांची एक भेट घडवायची. न्यायाधीश ठरवील त्या ठिकाणी, तो ठरवील तितका वेळ, आणि तो नेमील त्या तिऱ्हाइताच्या देखत. समोरचे माणूस आपल्या खुशीने नाही म्हणते आहे की कोणाच्या धाकाने, हे त्या भेटीत पारखायचे.

श्रोतेहो, ती भेट डोळ्यांपुढे आणा. परक्याचे घर, कोपऱ्यात कोणीतरी नेमलेली बाई कान देऊन बसलेली, पदर ओढून खाली मान घातलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, आणि तिच्यापुढे तिचा नवरा, जो आता तिच्या हातचे पाणी पिऊ शकतो पण ज्याच्या हातचे पाणी ती पिऊ शकत नाही. बोलतील काय ते? कायद्याच्या कलमात ही कादंबरी दीडशे वर्षांहून अधिक काळ पडून होती. आमच्या वाचनात तरी ती कोणी लिहिलेली आली नाही.

नाही म्हणायला एका बाईने लिहिली, पण कादंबरी म्हणून नव्हे. आपले आयुष्य म्हणून. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येथे बहुतेकांनी वाचली आहेत. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची चारपाच वर्षे लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. नातलगांच्या आश्रयाला, लहान दत्तूला घेऊन, पंढरपूर-नाशिककडे दिवस काढीत. पुढे नगरला नवऱ्याच्या गावी आल्या तरी सोवळे आणि चूल निराळी. म्हणजे एकाच गावात, एकाच लग्नात, दोन चुली! नवरा लहरी, तापट, कवी, बायको फटकळ. त्या भांडतात, रडतात, आणि स्वतःलाच हसतातही. मग जात देवाने केली की माणसाने, असा विचार करता करता त्या आपल्या आपण एका निश्चयाला येतात. कोणी पाद्री तेथे प्रवचन करीत नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा परत मिळावा म्हणून घेतला काय? पुस्तक वाचून कोणीही तसे म्हणू शकणार नाही, आणि नवऱ्यावरचे प्रेम त्यात नव्हतेच असेही म्हणू शकणार नाही. हा गुंता सोडविण्याच्या भरीस लक्ष्मीबाई पडल्याच नाहीत. टिळक १९१९ साली गेले. पुस्तकाचा पहिला भाग निघाला १९३४ साली. आमच्या मते ह्या जातीच्या साऱ्या प्रेमकथांत पहिला पाट ह्या पुस्तकाचा, जरी ते त्या जातीचे नसले तरी.

पण त्या बाईंचे समाधान एवढ्याने होणार नव्हते हे आम्ही जाणून होतो. पदमनजी आणि टिळक हे एकोणिसाव्या शतकातले प्रॉटेस्टंट, शिकून सवरून ख्रिस्ती झालेले. आमच्या किनाऱ्याची गोष्ट त्याहून तीनशे वर्षे जुनी आणि निराळी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. पुढे दमण गेले, आणि मधला हा माहीम, शिरगाव, तारापूरचा पट्टाही. दोनशे वर्षांत कोणी जुलमाने, कोणी जमिनीच्या आशेने, कोणी मनापासून ख्रिस्ती झाले. कोणाचे कारण कोणते हे आज कोण सांगणार? भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. लाल लुगडे सुटले नाही.

आणि मग १७३९. तारापूरच्या किल्ल्याकडे आपण रविवारी फिरायला जातो. जानेवारीत चिमाजी आप्पांच्या सैन्याने तो घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव पडले. त्यांची आठवण आपण ठेवली, आणि ठेवावीच. पण किल्ल्याच्या आत असलेले सगळेच काही लिस्बनहून आलेले नव्हते. त्यांत ह्याच वाड्यांतली, ह्याच मातीतली माणसे होती. मे महिन्यात वसई पडली. शरणागतीच्या अटींत गोऱ्यांना निघून जायला मोकळीक मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळण्याची. देवळांच्या घंटा पेशव्यांच्या सरदारांनी नेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आपण कौतुकाने पाहतो. पण ज्या गावातली घंटा गेली त्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले? गलबतावर चढणारा कोण आणि बंदरावर मागे राहिलेली कोण? जिचा भाऊ मराठ्यांच्या लष्करात आणि सासर चर्चच्या आवारात, अशी एखादी मुलगी नसेलच काय?

आमच्या ऐतिहासिक कादंबरीने हा प्रश्न फारसा विचारला नाही. गुंजीकरांच्या 'मोचनगडा'पासून, म्हणजे १८७१ पासून, आपण किल्ले चढतो आहो. पण भगवा फडकला की आपले प्रकरण संपते. इनामदारांच्या 'राऊ'त बाजीराव-मस्तानीच्या प्रेमापायी धर्माचा पेच उभा राहिला आणि वाचकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे आपल्या वाचकाला हे पेलत नाही असे नव्हे. वसईच्या कुपारी मुलीला मात्र अजून कोणी दारात उभे करीत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी त्यांच्या झग्याकडे बोट दाखविले. २०१४ सालापासून वसई आणि आपण एकाच जिल्ह्यात आहो. ज्याने सारा जन्म मराठीत लिहिले त्याला आपला म्हणायला जेथे इतकी खळखळ, तेथे १७३९ सालच्या त्या मुलीची कथा लिहायला बसायचे म्हणजे लेखकाला दोन्ही बाजूंची बोलणी खाण्याची तयारी ठेवावी लागेल. चर्चमधले म्हणतील, आमच्या पूर्वजांवर जुलूम झाला होता हे कशाला काढता. आणि आमचे लोक म्हणतील, विजयाच्या दिवशी रडणारी ही कोण?

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात आम्ही त्या बाईंना आमच्याजवळची 'स्मृतिचित्रे'ची प्रत दिली. महिन्याभराने पालघर स्टेशनावर भेटल्या. वाचले का, म्हणून विचारले. म्हणाल्या, "मी वाचलं, आईने वाचलं, आता मावशीकडे आहे. ती म्हणते परत देणार नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण काका, त्या बाई नगरच्या. वसईचं राहिलंच."

इतक्यात गाडी आली.