कोंडवाड्याची वाट बंद करू या

(पावसाळ्याआधीच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. जे पाडे बैठकीला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना वाचून दाखवावं.)



आज आम्ही गुरांबद्दल बोलणार आहोत. पण बोलणं शेवटी जमिनीवरच येणार आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्यातल्या एकाचे दोन बैल ऐन चिखलणीत कोंडवाड्यात गेले. गार्डाने नेले नाहीत, सावकाराने नेले नाहीत. शेजारच्या प्लॉटवरच्या आपल्याच माणसाने नेले. त्याचं नागलीचं रोप बैलांनी खाल्लं होतं, त्याचा राग खरा होता. पण झालं काय? बैलवाल्याने दंड भरला, वर वैरण-पाण्याचा खर्च भरला, पैसे सावकाराकडून काढले. लावणी आठ दिवस मागे पडली. रोपवाल्याच्या हाती मात्र दमडी आली नाही. दोघंही आपलेच, दोघंही बुडाले.

कोंडवाड्याचा कायदा १८७१ सालचा, इंग्रजाचा. पुढे १९२७ च्या वनकायद्याने त्याला जोड दिली : राखीव जंगलात गुरू शिरलं की नुकसान केलं असंच धरायचं. त्या कायद्यात छापलेल्या दंडाच्या यादीत हत्तीला दहा रुपये, शेळीला आठ आणे. दर पुढे बदलले. पण हत्तीवाला कधी कोंडवाड्याच्या दारात बसलेला पाहिलाय का कुणी? बसतो तो शेळीवाला.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. जंगल खात्याने डोंगर आणि गायरानं गिळली, ही तक्रार त्यातही आहे. आज म्हणतात, आदिवासींची गुरं मोकाट सुटली. आम्ही विचारतो, चरायची जागा कुणी नेली?

तरी कायदा माहीत पाहिजे. चार गोष्टी लक्षात ठेवा :

१) कोंडवाड्यात गुरू घेतलं की नोंदवहीत दिवस, वेळ, गुराचं वर्णन आणि आणणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. पैसे भरले की पावती मागा. पावतीशिवाय पैसा नाही.

२) पकडणंच चुकीचं असेल तर रक्कम अनामत म्हणून भरून गुरू सोडवता येतं, आणि पकडल्यापासून दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येते.

३) सात दिवसांत मालक आला नाही तर नोटीस निघते, त्यानंतर आणखी सात दिवसांनी लिलाव. म्हणून उशीर करू नका. रात्री कोंडवाडा फोडून गुरं आणू नका. त्याला तुरुंग आहे, आणि त्यांना तेच पाहिजे.

४) शेतात शिरलेलं गुरू पकडायचा हक्क जमीन कसणाऱ्याला आहे. कायदा ‘कसणारा किंवा ताबा असणारा’ म्हणतो, सातबारा मागत नाही. बागायतदाराची गुरं आपल्या प्लॉटवर सोडली जातात तेव्हा हे विसरू नका. गुरं चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवा आणि नोंदीची नक्कल घ्या. कुठल्या शेतातून आणली तेही लिहायला सांगा. तो कागद जपून ठेवा, कसणुकीच्या पुराव्याला जोडता येईल.

पण आपसात कोंडवाडा नको. त्यासाठी बैठकीत ठरलं ते असं. पेरणीपासून कापणीपर्यंत एकही गुरू राखणीशिवाय सुटणार नाही. ज्यांची गुरं आहेत त्या घरांनी पाळीने राखायचं. एकट्या बाईच्या घराची पाळी शेजाऱ्यांनी वाटून घ्यायची. खोडकर जनावराच्या गळ्यात लोढणं बांधायचं. नुकसान झालं तर त्याच दिवशी पाच जणांनी जाऊन पाहायचं, त्यात दोन बाया पाहिजेत, आणि भरपाई कापणीनंतर धान्यात द्यायची. कापणीनंतर पूर्वीसारखी गुरं मोकळी. ज्याने वाल किंवा हरभरा केला असेल त्याने काट्यांचं कुंपण घालायचं.

एका म्हाताऱ्या बाबाने बैठकीत विचारलं, “हे आधीपण होतंच ना?” होतं, बाबा. पाळी होती, पंच होते. आपण सोडलं, म्हणून गार्ड आणि कोंडवाडा मधे शिरले.

पोटची पोरं भांडली तर आपण फौजदाराला बोलावत नाही. प्लॉट टिकवायचा तर शेजारी टिकला पाहिजे. पहिला पाऊस पडायच्या आत प्रत्येक पाड्याने राखणीची पाळी ठरवावी आणि पुढच्या बैठकीत सांगावी.