थांबायचं, पण तारीख लिहून घेऊन

आज कर्जफेडीवर बोलायचं नाही, लोणच्या-पापडाच्या विक्रीवरही नाही. आज बोलायचं आहे शहरात अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतींवर.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. आपली मुलं नागपूर, गोंदिया, रायपूरला कामाला आहेत. घरात थोडा पैसा आला, जमिनीचा तुकडा विकला, कुणी नोकरीतून निवृत्त झालं, की पहिला विचार येतो, शहरात एखादा गाळा नाहीतर दोन खोल्या घेऊन ठेवू. हल्ली तशीच संकुलं निघतात. खाली दुकानं, वर घरं. जाहिरातीत बाग असते, लिफ्ट असते, पुढे बाजार भरलेला असतो. प्रत्यक्षात दोन स्लॅब पडतात आणि काम थांबतं.

आमच्या एका गटातल्या काकूंचं असंच झालं. मुलीने शिवणकामाचा कोर्स केला होता. भाऊ शहरात राहतो, त्याच्याजवळ राहून ती दुकान चालवेल असं ठरलं. 12 लाखांचा गाळा होता. काकूंनी 2 लाख 40 हजार रुपये भरले. त्यातले काही धानाच्या चुकाऱ्याचे, काही दागिने गहाण ठेवून आणलेले, काही गटाच्या कर्जाचे. बदल्यात साध्या पावत्या मिळाल्या. ताबा कधी, तर "दिवाळीपर्यंत". कोणत्या सालची दिवाळी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तीन वर्षं गेली. शिलाई मशीन घरात कापड टाकून झाकून ठेवलेलं. मुलीला कुणी म्हटलं, इथेच तिरोड्यात एखादी जागा भाड्याने घे, तर उत्तर ठरलेलं, "आपला गाळा येणारच आहे." स्थळ आलं तरी तेच, "गाळा होऊ दे, मग बघू." एका बंद पडलेल्या इमारतीने एका मुलीची तीन वर्षं अडवून ठेवली.

आता आपल्या गटाच्या पद्धतीने हिशेब करा. आपण शेकडा 1 रुपया महिना व्याज घेतो. 2 लाख 40 हजारांचं महिन्याचं व्याज झालं 2,400 रुपये. 36 महिन्यांचं 86,400 रुपये. म्हणजे काकूंनी बिल्डरला तीन वर्षं बिनव्याजी कर्ज दिलं, तेही ठरावाशिवाय, जामिनाशिवाय, परतफेडीच्या तारखेशिवाय. गटात 5,000 रुपये द्यायचे असले तरी आपण विचारतो, कशासाठी, किती हप्ते, कधी फेडणार? ठराव लिहितो, सह्या घेतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. शहरातला माणूस कॉलरचा शर्ट घालून समोर आला की मात्र आपण तारीख विचारायला लाजतो.

फसतात ती खेड्यातलीच माणसं, असं समजू नका. मुंबईत गोरेगावला सिद्धार्थनगर आहे. पत्र्याच्या छपरांमुळे लोक त्याला पत्रा चाळ म्हणतात. तिथे 672 कुटुंबं राहत होती. 2008 साली रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि गुरुआशिष कन्स्ट्रक्शन ही कंपनी यांच्यात करार झाला. आधी रहिवाशांना नवी घरं, म्हाडाला तिचा वाटा आणि उरलेल्या जागेवर विक्रीच्या इमारती, असं ठरलं. लोकांनी घरं रिकामी केली. नवं घर मिळेपर्यंत भाडं मिळणार होतं. पुढे तेही बंद झालं. रहिवाशांची घरं न बांधताच कंपनीने बांधकामाचे हक्क दुसऱ्या बिल्डरांना सुमारे 900 कोटींना विकले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. 2018 साली गुन्हा दाखल झाला. शेवटी सरकारने ते काम म्हाडाकडे सोपवलं आणि 2022 साली ते पुन्हा सुरू झालं. मधे 14 वर्षं गेली.

मात्र ही 672 कुटुंबं विखुरली तरी एकत्र राहिली. त्यांची संस्था होती. मोर्चे काढले, अर्ज केले, म्हाडाच्या दारात बसले. एकट्याने 14 वर्षं कुणी टिकलं नसतं.

पत्रा चाळीचा करार झाला तेव्हा आजचा कायदा नव्हता. 2016 साली रेरा कायदा झाला आणि 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण काम करू लागलं. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. 500 चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंतच घरं-गाळे असलेला लहान प्रकल्प यातून सुटतो, म्हणून तिथे जास्त जपून राहा. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. मोबाईलने तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते.

दुसरी, एकूण किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची असेल तर आधी नोंदणीकृत करारनामा करावा लागतो. काकूंच्या गाळ्याचे 10 टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार. त्यापुढचा प्रत्येक रुपया करारनाम्याशिवाय घेतला गेला.

तिसरी, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर, बांधकामावर खर्च करायचे. एका जागेचा पैसा दुसरीकडे फिरवायचा नाही.

चौथी आणि सगळ्यात कामाची. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर निवड तुमची. बाहेर पडायचं असेल तर मुद्दल व्याजासह परत मागा. थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. हे सगळं करारनाम्यातल्या तारखेवरून मोजतात. म्हणून ती तारीख लाखमोलाची.

काकूंच्या पावत्या घेऊन आम्ही सेवा केंद्रावर गेलो आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधला. नोंदणी होती. काम पूर्ण करायची तारीख केव्हाच उलटून गेली होती. दुकान-घर घेणारे आणखी लोक असणार, म्हणून काकूंचा मुलगा सुट्टीच्या दिवशी साईटवर गेला, चौकीदाराकडे, आजूबाजूला विचारलं. सात जण सापडले. त्यांतल्या तिघांकडे करारनामे होते, बाकीच्यांकडे पावत्या आणि बँकेच्या नोंदी. आठ जणांनी मिळून तक्रार केली आहे. निकाल अजून लागायचा आहे.

खोटी आशा मी देणार नाही. आदेश निघाला तरी पैसा दुसऱ्या दिवशी हातात पडत नाही. बिल्डरने दिला नाही तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्यालाही वेळ लागतो. पण आता काकूंच्या थांबण्याला एक तक्रार क्रमांक आहे, सुनावणी आहे, सोबतीला सात माणसं आहेत.

तुमच्यापैकी कुणी अडकलं असेल तर काय करायचं? पावत्या, चेकच्या नोंदी, जाहिरातीचा कागद, मोबाईलवरचे निरोप, सगळं एका पिशवीत गोळा करा. बिल्डरला लेखी पत्र द्या, पोचपावती घ्या. महारेराचं कार्यालय नागपूरला आहे. ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, आणि 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे गोंदियातच तक्रार करता येते. कुठे जायचं ते वकिलाला विचारून ठरवा. वकिलाच्या फीची काळजी नको. महिलांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज द्या किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा.

ज्यांना पैसे भरायचे आहेत त्यांनी आधी ही गोष्ट गटाच्या बैठकीत मांडा. घरातली गोष्ट बाहेर कशाला, असं म्हणू नका. नोंदणी क्रमांक काय, करारनामा कधी, ताब्याची तारीख कोणती, हे तीन प्रश्न दहा बायांनी विचारले की एकीची भीड मोडते. उत्तर मिळालं नाही तर पैसे घरीच बरे.

आणि थांबायची वेळ आलीच तर हात बांधून थांबू नका. पाऊस लांबला म्हणून आपण बांधावर बसून राहतो का? पऱ्हे टाकून ठेवतो, बांध सावरतो, तोवर मिळेल ते काम करतो. काकूंच्या मुलीने मागच्या महिन्यात मशीनवरचं कापड काढलं. घराच्या ओसरीतच ब्लाऊज शिवायला घेतले आहेत आणि गटातल्या नऊ जणींनी कापड दिलं आहे. गाळा मिळेल तेव्हा मिळेल, तिची कमाई सुरू झाली आहे.

येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा. कुणाच्या घरी अशा पावत्या पडून असतील तर त्या घेऊन यायला सांगा. आपण मिळून वाचू.