कोयत्यासोबत पंपही बांधा

उचल घेतली, आता दिवाळीनंतर बीडच्या वाड्या-तांड्यांवरून आपण ऊसतोडीला निघणार. पाचटाची धूळ, पहाटेचा गारठा, कोपीतल्या चुलीचा धूर. दमा असला तर हे सगळं बाधतं.

दमा ओळखायचा कसा? रात्री-पहाटे खोकल्यानं जाग येते, छातीत सूंसूं वाजतं, धाप लागते. मधे बरंही वाटतं. असं असेल तर निघण्याआधी सरकारी दवाखान्यात दाखवा. डॉक्टर नळीत जोरात फुंकायला लावतात, औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. फुंक सुधारली, तर दमा असण्याची शक्यता जास्त. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर क्षयाचीही तपासणी करा.

‘पंपाची सवय लागते’ असं आम्ही बैठकीत नेहमी ऐकतो. तसं नाही. पंपाचं औषध थोडंसं आणि थेट फुफ्फुसात जातं. रोजचा पंप श्वासनळीची सूज कमी ठेवतो. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. ओढल्यावर चूळ भरा.

बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळे पडले, पंपानं उतार पडेना, तर फडावरून लगेच 108 ला फोन करा. खाडा पडेल म्हणून थांबू नका. पीठ-मीठ बांधताना पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी आधी बांधा.