मैलकुली : रस्ता राखणारा माणूस

(सावदा येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानासाठी बोलावणे आले की विषय मोठा असावा, अशी वक्त्याची आणि श्रोत्यांचीही अपेक्षा असते. आज मी मात्र फार लहान मानल्या गेलेल्या माणसाविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने त्याला पाहिलेले आहे. त्याचे नाव बहुधा कोणालाच ठाऊक नसेल. तो म्हणजे रस्त्यावरचा मैलकुली.

शाळेत जाताना तो दिसे. डोक्याला पंचा, खांद्यावर फावडे, बाजूला घमेले. कधी साइडपट्टीचे गवत काढताना, कधी कडेचा चर मोकळा करताना, तर कधी निंबाच्या आणि चिंचेच्या बुंध्यांना चुन्या-गेरूचे पट्टे ओढताना. हा माणूस रोज येथेच काय करतो, असा प्रश्न आम्हा मुलांना पडे. त्याचे उत्तर त्याच्या नावातच होते. रस्त्याचा एक मैल, कोठे त्याहून थोडा अधिक, त्याच्या स्वाधीन असे. त्या तुकड्याच्या बऱ्यावाईटाला तो जबाबदार. अशा काही जणांवर मुकादम आणि मुकादमावर रस्ता कारकून, अशी ही उतरंड होती. 'कुली' या शब्दाला वसाहतकाळाचा वास आहे, म्हणून पुढे मैल मजूर, मैल कामगार अशी नावे रूढ झाली. मी जुनेच नाव वापरतो आहे, ते त्यातील 'मैल' या अक्षरांसाठी. त्या दोन अक्षरांत एक संपूर्ण व्यवस्था सामावलेली होती.

मी कला शाखेचा पदवीधर आहे, अभियांत्रिकीचा जाणकार नाही. या विषयाचे पहिले शिक्षण मला मिळाले ते एका मैलकुलीकडूनच. पत्रकारितेत नवा होतो. पावसाळा संपला की रस्त्यांवरील खड्ड्यांची छायाचित्रे छापायची आणि 'रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ता' असा मथळा द्यायचा, हा आमचा ठरलेला पराक्रम. असेच एकदा छायाचित्र काढत असताना एक म्हातारा मैलकुली काम थांबवून जवळ आला. म्हणाला, "भाऊ, पडलेल्या खड्ड्याचा फोटो तुम्ही काढला. जो खड्डा मी पडूच दिला नाही, त्याचा फोटो कसा काढाल?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षांच्या पत्रकारितेनंतरही ते पूर्णपणे सापडले आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या प्रश्नानेच मला आज आपल्यासमोर उभे केले आहे.

रस्ता बिघडतो कसा, हे आधी समजून घेऊ. वाहनांच्या ओझ्याने तो झिजतो, हे खरेच. परंतु रस्त्याचा पहिला शत्रू पाणी आहे. आपल्या तापीकाठच्या काळ्या कसदार मातीने आपल्याला केळी दिली, समृद्धी दिली. हीच माती रस्त्याच्या पायाखाली आली की वैरीण होते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. वरचा डांबरी थर या हालचालीबरोबर तडकतो. तडकलेल्या जागी पाणी शिरते, खालची खडी सुटते, आणि चार अवजड मालमोटारी गेल्या की तळहाताएवढ्या भेगेचा घमेल्याएवढा खड्डा होतो. म्हणून रस्ता राखणे म्हणजे सर्वप्रथम पाणी वळवणे. साइडपट्टी रस्त्याहून उंच झाली तर पाणी रस्त्यावरच साचते. ती छिलून उतार द्यावा लागतो. चर बुजला तर पाणी पायात मुरते. तो उपसावा लागतो. मोरीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला तर तो पहिल्या पावसाआधी काढावा लागतो. यांतील कोणत्याही कामाला मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो रोज तेथे जाणारा, ती जागा ओळखणारा माणूस.

खड्डा पडलाच, तर तो बुजवण्याचेही शास्त्र आहे. आपण समजतो, घमेलेभर डांबरी खडी ओतली, फावड्याने थापली की झाले. तसे केले की आठवड्यात ती खडी रस्त्यावर पसरते आणि दुचाकीस्वार घसरतो. नीट काम करायचे तर खड्डा आधी चौकोनी कापून त्याच्या कडा उभ्या करायच्या. सैल खडी काढून खराट्याने धूळ झाडायची. आत पाण्याचा थेंब राहू द्यायचा नाही. तळाला आणि कडांना डांबराचा पातळ लेप द्यायचा. मग मिश्रण थराथराने भरून, कडेकडून मध्याकडे येत धुमसाने किंवा रोलरने दाबायचे, ते थेट जुन्या पृष्ठभागाशी समपातळीत येईपर्यंत. ज्या हातांनी हे वर्षानुवर्षे केले, त्यांना आपण 'अकुशल' म्हणतो.

आणि हे काम कोणत्या परिस्थितीत चालते, तेही पाहा. डांबरीकरणाचा हंगाम म्हणजे कोरडे दिवस, आणि आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. वरून खानदेशाचे ऊन, खालून दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या डांबराची धग, नाकातोंडात धूर, आणि पाठीमागून भरधाव येणारी वाहने. पायात कित्येकदा साधी चप्पल, तीही नसली तर गोणपाटाची गुंडाळी. सातपुड्याच्या पाड्यांतून आलेली आदिवासी कुटुंबे या कामावर दिसतात. कडेच्या झाडाला बांधलेल्या झोळीत तान्हे मूल झोपलेले असते. काम चालू असताना आधी सूचनाफलक, मग अडथळे, मजुरांच्या अंगावर चकाकणारी जाकिटे आणि वाहने थांबवणारा झेंडेवाला असला पाहिजे, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शक नियम सांगतात. नियम उत्तम आहेत. ते आपल्या रस्त्यावर किती वेळा दिसतात, हे श्रोत्यांनीच आठवून पाहावे.

ज्या इंडियन रोड्स काँग्रेसचा उल्लेख केला, तिच्या मुळाशी एक मराठी नाव आहे, हे या निमित्ताने सांगितले पाहिजे. १९२७ साली देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते हा केवळ स्थानिक विषय नसून राष्ट्राचा विषय आहे, हा विचार त्या समितीच्या अहवालाने रुजवला. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय मार्गनिधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस अस्तित्वात आली. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय मार्गापासून गावरस्त्यापर्यंतची वर्गवारी त्यांनी आखली. २००० सालच्या डिसेंबरात अटलजींच्या कार्यकाळात सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेने बारमाही रस्ता खेड्याच्या वेशीपर्यंत नेला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. रस्ते बांधण्याच्या या परंपरेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु बांधण्याचा सोहळा होतो, राखण्याचा होत नाही. भूमिपूजनाचे नारळ हजारो फुटले. चर उपसल्याबद्दल कोणी नारळ फोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

महाराष्ट्रातील रस्त्यांखाली आणखी एक इतिहास आहे. १९७२च्या दुष्काळात शेतकरी कुटुंबेच्या कुटुंबे खडी फोडायला बसली. ज्यांच्या घरी चार माणसे जेवून जात, त्या घरच्या बाया डोक्यावर घमेली घेऊन उभ्या राहिल्या. सुकडी खाऊन दिवस काढले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीला त्या दुष्काळानेच बळ दिले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आपण आज ज्यांवरून सहज गाडी हाकतो, त्या रस्त्यांपैकी कित्येकांच्या तळाशी त्या वर्षीच्या उपाशी हातांनी फोडलेली खडी आहे.

शेजारच्या फैजपूरचेच पाहा. १९३६च्या डिसेंबरात तेथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित नेहरू होते, सजावट नंदलाल बोस यांची होती. हे सारे इतिहासात नोंदले गेले. पण त्या अफाट गर्दीसाठी जमीन सपाट करणारे, वाटा आखणारे, दगड उचलणारे हातही असतीलच ना? त्यांची नावे कोणत्या पानावर आहेत? आणि ज्यांनी हातात खराटा घेऊन गावाचे रस्ते झाडले आणि मगच रात्री कीर्तन केले, त्या गाडगेबाबांची आपण जयंती साजरी करतो. मात्र खराटा हाती असलेल्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यांनी किती बदलली, हे आपले आपणच तपासावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. साठच्या दशकातील कालेलकर तडजोडीने सलग पाच वर्षे काम केलेल्या रोजंदारी कामगारांना रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर येण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या पिढीतील मैलकुली एकामागून एक निवृत्त झाले आणि बहुतेकांच्या जागी नवा माणूस आला नाही. देखभाल कंत्राटाने होऊ लागली.

कंत्राट म्हटले की नाक मुरडण्याची आपली सवय आहे. मी ती करणार नाही. कंत्राटात दोषदायित्वाचा कालावधी असतो, ठरावीक मुदतीत रस्ता बिघडला तर दुरुस्ती कंत्राटदाराने करायची असते. ग्रामसडक योजनेत बांधणीबरोबरच पाच वर्षांची देखभाल करारात अंतर्भूत केली गेली, ही निश्चितच चांगली सुधारणा होती. शिवाय जुन्या व्यवस्थेतही दोष होते. हजेरीपटावर रस्त्यावर आणि प्रत्यक्षात साहेबांच्या बंगल्यावर, असे मैलकुली आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण एक भेद लक्षात घ्या. कंत्राटाचे काम सुरू होते खड्डा पडल्यावर; त्याची पाहणी होते, अंदाजपत्रक होते, मंजुरी होते, निविदा निघते. मैलकुलीचे काम असे खड्डा पडण्याच्या आधी. पहिले उपचार आहेत, दुसरे आरोग्य आहे. रुग्णालय उत्तम बांधले म्हणून घरची स्वच्छता सोडून द्यावी, असे कोणी म्हणेल काय?

याचे जिवंत उदाहरण आपल्या दारातून जाते. भुसावळ-खंडवा लोहमार्ग सावदा स्थानकावरून पुढे जातो. या मार्गाने केळी दिल्लीकडे रवाना झालेली आपण पाहिली आहेत. लोहमार्ग तपासण्यासाठी आज अत्याधुनिक यंत्रे आहेत. तरीही रेल्वेने आपला किमॅन ठेवला आहे. तो नेमून दिलेल्या अंतरात पायी फिरतो, सैल झालेली पकड ठोकतो. पावसाळ्यात रात्रीची गस्त होते. हजारो कोटींची यंत्रणा आजही चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबते. मग रस्त्याला तो माणूस नकोसा का झाला?

मागणी साधी आहे. दर काही किलोमीटरला एक नेमलेला माणूस असावा. तो सरकारी असो वा कंत्राटदाराचा, पण तुकडा त्याचा, जबाबदारी त्याची आणि त्याच्या अंगी जाकीट, पायात बूट, हाती रीतसर पगार. आणि रस्त्याच्या फलकावर मंत्री, खासदार, आमदार, कंत्राटदार यांच्या नावांखाली एक ओळ त्याच्या नावाची. चांगला रस्ता हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तो हक्क ज्याच्या फावड्याने प्रत्यक्षात उतरतो, त्याचे नाव लिहिणे अवघड नसावे.

शेवटी थोडे आपल्याविषयी, आणि थोडे कडू. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाला आपण रोज नावे ठेवतो. पण शेतात पाणी न्यायला रात्रीतून रस्ता आडवा खोदून पाइप टाकणारा आणि वर भुसभुशीत माती लोटणारा कोण असतो? केळीचे खांब आणि दांडे कडेच्या चरात कोण टाकतो? दुकानापुढे भर घालून पाणी रस्त्यावर कोण ढकलतो? ही सारी मंडळी परक्या मुलुखातून येत नाहीत. खड्ड्यात गाडी आदळली की केळीचा घड काळा पडतो, भाव पडतो. त्या नुकसानीत आपलाही वाटा असतो. राष्ट्रप्रेम सीमेवरच सिद्ध करावे लागते असे नाही. आपल्या शेताच्या बांधासमोरचा चर मोकळा ठेवला, तरी त्याची एक ओळ लिहिली जाते.

त्या म्हाताऱ्या मैलकुलीच्या प्रश्नाचे छायाचित्र मला अजून काढता आलेले नाही. आज घरी जाताना आपली गाडी जेथे आदळणार नाही, तेथे क्षणभर त्याची आठवण ठेवा. आणि पुढे रस्त्यावर कोणी फावडे घेऊन वाकलेला दिसला, तर गाडीचा वेग कमी करा. त्याच्यापर्यंत पोचणारा तो पहिला नमस्कार असेल.