ग्रंथाचा अवयव आणि ग्रंथाचा अलंकार
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथांचे आणि ग्रंथालयांचे गुणगान व्हावे हे उचितच आहे. परंतु अशा वेळी वाचकांच्या एखाद्या गाऱ्हाण्याचाही विचार झाला, तर तो अप्रस्तुत ठरू नये. ग्रंथ विकत घेणारा वाचक आणि ग्रंथालयातून घरी नेऊन वाचणारा वाचक, हे दोघेही अलीकडे एका गोष्टीने त्रस्त झालेले दिसतात. पुस्तक एकच असते, पण त्याची रूपे अनेक निघतात. प्रकाशनपूर्व नोंदणी करणाऱ्यांनाच लेखकाच्या मुलाखतीची पुस्तिका मिळते, अमुक विक्रेत्याकडून घेतलेल्या प्रतीतच नकाशा असतो, आणि वर्ष उलटते न उलटते तोच एक नवे प्रकरण जोडून 'वाढविलेली आवृत्ती' बाजारात येते. ज्याने उत्साहाने पहिल्याच आठवड्यात पुस्तक घेतले, त्याच्या पदरी अपुरी प्रत येते. प्रेमाची किंमत दोनदा मोजावी लागते, ही त्या गाऱ्हाण्यातील खरी वेदना आहे.

ही चाल आजची नाही आणि केवळ मराठीतली तर नाहीच. इंग्लंडमधील वॉटरस्टोन्स आणि अमेरिकेतील बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यांसाठी खास आवृत्त्या निघतात आणि त्यांपैकी काहींत इतरत्र न मिळणारा मजकूर असतो. परंतु इतके दूर जाण्याचे कारण नाही. भेटीच्या मोहाने ग्राहक जोडण्याची कला सुरत शहराला जुनीच परिचयाची आहे.

सुरतेत जन्मलेल्या इच्छाराम सूर्यराम देसाई यांनी १८८० साली मुंबईत 'गुजराती' हे साप्ताहिक सुरू केले. वर्गणीदारांना पुस्तक भेट देण्याची त्या पत्राची प्रथा प्रसिद्ध होती. पुढे खुद्द सुरतेतून मूलचंद किसनदास कापडिया यांनी 'दिगंबर जैन' मासिक आणि 'जैनमित्र' साप्ताहिक चालविले. त्यांच्या जैन विजय छापखान्यात निघालेल्या जुन्या ग्रंथांची मुखपृष्ठे पाहावीत. 'जैनमित्र'च्या अमुक वर्षाच्या ग्राहकांना, अमुक दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ, अमुक गृहस्थांकडून भेट, अशा आशयाचा मजकूर त्यांवर आढळतो. म्हणजे खर्च दात्याचा, पुण्य दिवंगताच्या नावे, ग्रंथ ग्राहकाला आणि वर्गणी पत्राला, असा तो चौपदरी व्यवहार होता. सुरतेच्या व्यापारी बुद्धीला आणि दानबुद्धीला एकत्र बांधणारी ही योजना होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता ही भेट आणि आजची 'खास भेट' यांत फरक कोणता? पहिलीमागेही ग्राहक वाढविण्याचा हेतू होताच. परंतु तेथे जे दिले जाई तो स्वतंत्र, संपूर्ण ग्रंथ असे. तो देण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या ग्रंथातील पाने कमी केली जात नसत. शिवाय अशा ग्रंथांच्या प्रती मूल्य छापून विकल्याही जात. त्यामुळे वर्गणीदार नसलेल्यालाही तो ग्रंथ अप्राप्य राहत नसे. भेट एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याचे काही उणे झाले नाही, हे त्या व्यवहाराचे मर्म.

मराठीतील दिवाळी अंकाची कथाही याच जातीची आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तोही एका अर्थी नेहमीच्या मासिकापेक्षा काही अधिक देऊन वाचक ओढून घेण्याचाच प्रयत्न होता. पण तो अधिक मजकूर जो अंक घेईल त्याला मिळणारा होता. म्हणूनच त्या एका अंकातून शतकाहून अधिक काळ चाललेली परंपरा निर्माण झाली, आणि आज महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयांतही दिवाळीनंतरचे महिने अंकांच्या देवघेवीने गजबजलेले असतात. अधिक देणे हा दोष नव्हे. थोड्यांना अधिक देता यावे म्हणून बाकीच्यांना उणे देणे, हा दोष होय.

येथे प्रकाशकांची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. मराठी पुस्तकाची आवृत्ती सामान्यतः हजार प्रतींच्या आसपास असते आणि तीही खपण्यास कधी कधी वर्षे लागतात. कागद, छपाई आणि बांधणी यांचे पैसे आधी द्यावे लागतात, विक्रेत्याकडून येणारी रक्कम मागाहून येते. अशा स्थितीत प्रकाशनपूर्व नोंदणी म्हणजे वाचकाने प्रकाशकास दिलेले बिनव्याजी भांडवलच होय. १८७३ साली संपूर्ण रूपात प्रसिद्ध झालेला 'नर्मकोश' कवी नर्मद यांनी केवढ्या आर्थिक ओढाताणीत सिद्धीस नेला, हे सुरतेच्या माणसास सांगावयास नको. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा १९२०पासून निघू लागलेला तेवीस विभागांचा ज्ञानकोशही भागीदार आणि वर्गणीदार यांच्या आगाऊ विश्वासावरच उभा राहिला. तेव्हा जो वाचक आधी पैसे देतो, त्याला किमतीत सवलत मिळावी, लेखकाच्या स्वाक्षरीची प्रत मिळावी, देखणी बांधणी मिळावी, यात कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही.

म्हणून या प्रश्नात एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्वाक्षरी, कापडी बांधणी, वाचनखूण, वेष्टनावरील वेगळे चित्र हे ग्रंथाचे अलंकार होत. ते कोणाला द्यावेत, कोणाला न द्यावेत, हा देणाराचा अधिकार आहे. परंतु प्रकरण, परिशिष्ट, नकाशा, वंशावळ, टीपा, लेखकाने ग्रंथाविषयी दिलेले स्पष्टीकरण हे ग्रंथाचे अवयव होत. अलंकार काढला तर ग्रंथ साधा दिसेल, अवयव काढला तर तो व्यंग होईल. ऐतिहासिक कादंबरीतील मोहिमेचा नकाशा ज्याच्या प्रतीत नाही, तो वाचक लेखकाच्या बरोबर चालू शकत नाही. आणि एकाच पुस्तकावर बोलावयास बसलेल्या दोघांच्या हाती दोन वेगळे मजकूर असतील, तर त्यांच्या चर्चेचा पायाच डळमळतो. मुद्रणाने समाजाला दिलेले सर्वांत मोठे वरदान म्हणजे दूरदूरच्या हजार माणसांना एकच पान वाचता येणे. ते वरदान विक्रीच्या युक्तीपायी गमावणे परवडणारे नाही.

या व्यवहारात सर्वाधिक हानी कोणाची होत असेल, तर ती ग्रंथालयाच्या वाचकाची. ग्रंथालय बहुधा एकच प्रत घेते, तीही मर्यादित निधीतून, आणि पुष्कळदा नोंदणीची मुदत संपल्यानंतर. साहजिकच खास पुस्तिका त्याच्या वाट्यास येत नाही. स्पर्धा परीक्षांच्या काही पुस्तकांत तर याहून विलक्षण प्रकार दिसतो. आतील पट्टी खरवडून मिळणारा संकेतांक एकाच भ्रमणध्वनीवर एकदाच चालतो आणि त्यावरच पुढील पाठ उघडतात. ग्रंथालयाच्या प्रतीत पहिल्या विद्यार्थ्याने तो वापरला की दुसऱ्याच्या हाती केवळ खरवडलेला कागद उरतो. ज्याला पुस्तक विकत घेणे शक्य नाही, तोच अभ्यासिकेच्या दाराशी येतो, आणि नेमके त्यालाच अर्धे पुस्तक मिळते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, असे तत्त्व मांडले आहे. त्यात अर्ध्या ग्रंथाची सोय नाही.

विशेष म्हणजे कायद्याने हा विचार पूर्वीच केलेला आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रकाशकाने प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत आपल्या खर्चाने ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांस द्यावयाची असते. राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावयाची प्रत सर्व नकाशे व चित्रांसह संपूर्ण असावी, उत्तमोत्तम प्रतींसारखीच सिद्ध केलेली असावी आणि उत्तम कागदावरची असावी, असे त्यात सांगितले आहे. पुढील आवृत्तीत काही भर वा बदल नसेल, तरच तिला या बंधनातून सूट आहे. म्हणजे मजकुरात भर पडली की ती राष्ट्राच्या भांडारात पोहोचली पाहिजे, हे तत्त्व विधिमान्य आहे. कायद्याचा तो दंडक गावोगावच्या ग्रंथालयांना लागू नसला, तरी त्यातील नीती सर्वत्र लागू आहे.

मग करावे काय? प्रकाशकांकडून अपेक्षा माफक आहेत. नव्या आवृत्तीत काय भर घातली, ते पुस्तकात स्पष्ट छापावे. ती भर अल्प असेल, तर जुन्या ग्राहकांसाठी स्वतंत्र पुस्तिका माफक किमतीत काढावी. नोंदणीदारांना दिलेला खास मजकूर ठरावीक काळानंतर सर्वांस खुला करावा आणि ग्रंथालयांच्या प्रतीसोबत तो पहिल्यापासूनच द्यावा. ग्रंथालयांनीही खरेदीच्या वेळी संपूर्ण प्रतीचा आग्रह धरावा. दाखल नोंदवहीत ग्रंथाच्या नावापुढे आवृत्ती कोणती व सोबत काय आले याची नोंद ठेवावी, आणि सोबतची पुस्तिका सुटी न ठेवता ग्रंथातच बांधून घ्यावी. सभासदांनी केवळ त्रागा न करता प्रकाशकास पत्र लिहावे. ग्रंथालयाच्या नावाने गेलेल्या पत्रास एकट्या ग्राहकाच्या पत्राहून अधिक वजन असते. आश्रयदात्यांना तर सुरतेचाच जुना धडा उपलब्ध आहे. आप्तांच्या स्मरणार्थ ग्रंथालयास देणगी देताना, ती अपुऱ्या प्रती पूर्ण करून घेण्यासाठी वापरावी, असे सुचविता येईल.

शंभर वर्षांपूर्वी परमुलखात मराठी माणसांनी वर्गण्या गोळा करून ग्रंथांची कपाटे उभी केली, तेव्हा त्यांच्या मनात एक साधी कल्पना होती. गिरणीतला कारकून आणि पेढीचा मालक, दोघांनी एकच पुस्तक एकाच्या मागून एक न्यावे आणि दोघांना ते सारखेच मिळावे. कपाटे जुनी झाली, पुस्तकांच्या बांधण्या सैल झाल्या, तरी ती समता अद्याप ढळलेली नाही. पुढील शतकात प्रवेश करताना ग्रंथालयाने आपल्या सभासदाला द्यावयाचे वचन एवढेच आहे, की त्याच्या हाती येणारे पुस्तक जुने असेल, फाटके असेल, पण अपुरे असणार नाही.