ज्ञानाच्या कोठाराला कुलूप नको

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



वाचनालयाच्या व्यासपीठावरून ग्रंथांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज मी मात्र बहुधा ग्रंथरूप न पावणाऱ्या लेखनाविषयी बोलणार आहे. आपल्या विद्यापीठांत दरवर्षी हजारो प्रबंध सादर होतात. एकेका प्रबंधासाठी विद्यार्थी चार-पाच वर्षे खपतो. मौखिक परीक्षा होते, पदवी मिळते आणि प्रबंधाची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात विसावते. पूर्वी ती पाहावयाची तर त्या गावी जावे, अर्ज करावा, परवानगीची वाट पाहावी, अशी स्थिती होती. ज्या संशोधनासाठी समाजाने कररूपाने पैसा मोजला, ते समाजाच्या दृष्टीस पडत नसे.

ही स्थिती बदलण्याचा पाया २००९ मध्ये घातला गेला. पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमाने बंधनकारक केले. या प्रती सांभाळण्याचे काम गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राकडे आले. या केंद्राचा आरंभ १९९१ मध्ये पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतील एक प्रकल्प म्हणून झाला होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांच्या संग्रहाचे नाव 'शोधगंगा'. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

या संग्रहात काय नाही? संतसाहित्य आहे, बोलीभाषांचा अभ्यास आहे, सहकारी बँकांचे अर्थकारण आहे, रसायनशास्त्र आहे, शिलालेख आहेत. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, संस्कृत अशा अनेक भाषांतील प्रबंध एकाच छताखाली नांदतात. शेतीसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा 'कृषिकोश' आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषी विद्यापीठांतील प्रबंध त्यात पाहावयास मिळतात. एखाद्या तालुक्यातील जमिनीचा पोत किंवा एखाद्या पिकावरील कीड हा विषय घेऊन कोणी तरुणाने दोन वर्षे शिवारात घालविली असतील. असे लेखन पुस्तकांच्या दुकानात मिळणार नाही. प्रकाशकाला ते परवडणारे नाही. परंतु त्या तालुक्यातील शेतकऱ्याला त्याचे मोल आहे.

ज्ञान खुले झाले की ते कोठवर पोहोचते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पूर्ण केले. हजाराहून अधिक हस्तलिखिते धुंडाळून पाठ निश्चित झाला. पुढे क्योतो येथील जपानी अभ्यासक मुनेओ तोकुनागा यांनी ती संहिता संगणकावर आणली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून शुद्ध केली. आज जगाच्या पाठीवरील कोणीही अभ्यासक त्या संहितेतील हवा तो शब्द क्षणार्धात शोधू शकतो. पुण्यातील पंडितांच्या जवळजवळ अर्धशतकाच्या तपश्चर्येला असे दुसरे आयुष्य लाभले.

विज्ञानातही हेच घडले. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत 'अर्काइव्ह' हा खुला संग्रह सुरू केला. २०२२ च्या आरंभी त्यातील लेखांची संख्या वीस लाखांवर गेली. रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमान यांनी १९०४ पासून अनिर्णित असलेल्या प्वाँकारे यांच्या कूटप्रश्नाची उकल २००२-०३ मध्ये याच संग्रहात ठेवली. कोणत्याही नियतकालिकाकडे ती धाडली नाही. जगभरच्या गणितज्ञांनी ती वर्षानुवर्षे तपासली आणि मान्य केली.

तथापि, येथे सावधगिरीचा एक शब्द सांगावासा वाटतो. संग्रहात आहे म्हणून ते सत्य आहे, असे समजू नये. जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतील काही संशोधकांनी नव्या करोना विषाणूचे एचआयव्हीशी विलक्षण साम्य असल्याचा लेख अशाच एका संग्रहात ठेवला. जगभर खळबळ उडाली. परंतु शास्त्रज्ञांनी त्यातील उणिवा जाहीरपणे दाखवून दिल्या आणि दोन-तीन दिवसांतच तो लेख मागे घेण्यात आला. खुलेपणामुळे चूक पसरली हे खरेच. पण तिचे निराकरणही त्याच खुलेपणामुळे झाले. प्रबंधांचेही तसेच आहे. बंद कपाटातील उसनवारी खपून जाते, उघड्यावरची पकडली जाते. वाङ्मयचौर्याविरुद्ध आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्या नियमांना धार येते ती असे प्रबंध तुलनेसाठी सर्वांसमोर असल्यामुळे.

दुसरी चिंता जतनाची आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात लाखो जुने ग्रंथ संगणकबद्ध झाले होते. त्यांत आपल्या मराठीतील दुर्मीळ पुस्तकेही होती. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. सुदैवाने त्यांतील मोठ्या भागाच्या प्रती 'इंटरनेट अर्काइव्ह' येथे आधीच पोहोचल्या होत्या, म्हणून ते धन आज वाचता येते. एकाच ठिकाणी ठेवलेले ज्ञान सुरक्षित नसते, हा यातील धडा आहे. आपल्या पूर्वजांना तो ठाऊक होता. एका पोथीच्या अनेक प्रती गावोगाव उतरवून घेतल्या गेल्या, म्हणूनच मूळ पोथी गेली तरी ग्रंथ उरले.

मराठी माणसाला हा विचार परका नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी पायपीट करून घराघरांतील दप्तरे मिळविली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापून सर्वांपुढे ठेवली. कागद खुला झाला म्हणजे लेखकाचे मत पारखता येते. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हा दंडक स्वतःला लावून घ्यावा. व्यासपीठावर विधान करण्यापूर्वी मूळ साधन पाहावे. आज ते पुष्कळदा घरबसल्या पाहता येते, तेव्हा न पाहण्याला सबब उरत नाही.

शेवटी वाचनालयाला एक विनंती. आपल्या जिल्ह्यावर आजवर जे प्रबंध झाले, त्यांची एक सूची करावी. नद्या, देवळे, बाजारपेठा, लोकगीते, पिके असे विषयवार भाग पाडावेत. ती दर्शनी भागात लावावी आणि आठवड्यातून एक दिवस संगणकावर हे प्रबंध शोधून देणारा कार्यकर्ता येथे बसवावा. महाविद्यालयातील चार मुले आणि निवृत्त झालेले दोन शिक्षक एवढे मनुष्यबळ त्यास पुरेसे आहे. ज्ञानाचे कुलूप निघाले आहे. दार ढकलून आत जाण्याचे काम आपले आहे.