स्वस्त फोन आणि कायमचा क्रमांक



पिंपरी-चिंचवड परिसराचा औद्योगिक विकास हा महाराष्ट्राच्या वाटचालीतील एक लक्षणीय टप्पा होय. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरीच्या माळरानावर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. १९७० मध्ये येथे नगरपालिका झाली व १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे उद्योगांचा ओघ पुणे-नाशिक रस्त्याने इंद्रायणीपलीकडे सरकला. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकण परिसरात सुरू झाला. एके काळी संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव म्हणून देशभर ठाऊक झाले.

ह्या वाटचालीत कामगाराच्या हाती टेलिफोन मात्र फार उशिरा आला. १९८० च्या दशकात घरी टेलिफोन मिळण्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, स्वदेशी एक्स्चेंजे आली, आणि नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीची एसटीडी केंद्रे उघडली. रात्री दर कमी होत असल्याने आकुर्डी-भोसरीच्या वस्त्यांत त्या वेळी ह्या केंद्रांपुढे रांगा लागत. गावाकडे ज्याच्या घरी टेलिफोन असेल त्या शेजाऱ्याला आधी कॉल करायचा, ‘आईला बोलावून ठेवा’ असे सांगायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा रांगेत उभे राहायचे, असा तो काळ होता.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाईल संभाषण केले. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जाई आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. कामगाराच्या दृष्टीने खरा बदल १ मे २००३ रोजी झाला. त्या दिवसापासून येणारे कॉल निःशुल्क झाले. योगायोगाने तो कामगार दिनही होता. त्याच वर्षी नोकिया कंपनीचा ‘११००’ हा फोन बाजारात आला. धूळ आत जाऊ न देणारी कळपट्टी आणि वर एक लहानशी विजेरी, एवढाच त्याचा थाट. जगभर अशा पंचवीस कोटींवर फोनांची विक्री झाली, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत विजेरीचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागले नाही.

येणारा कॉल फुकट आणि जाणारा विकतचा, ह्या व्यवस्थेतून ‘मिस्ड कॉल’ नावाची एक स्वतंत्र भाषाच जन्माला आली. एक घंटा म्हणजे सुखरूप पोहोचलो, दोन म्हणजे परत फोन करा, असे संकेत घराघरांत ठरलेले असत. एकही पैसा न देता निरोप पोहोचविण्याची ही युक्ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. २०१६ नंतर अमर्याद बोलण्याचे पॅक आले आणि ती मागे पडली.

ह्या अमर्याद पॅकांबरोबरच आजचा मुख्य प्रश्न उद्भवला आहे. २००६ च्या सुमारास ‘लाइफटाइम’ योजना निघाल्या होत्या. एकदा सुमारे हजार रुपये भरले की येणारे कॉल चालू राहत. पुढे दहा-वीस रुपयांचे रिचार्ज करून महिनोन्महिने काढणारा ग्राहक कंपन्यांना परवडेनासा झाला, आणि २०१८ च्या अखेरीस किमान ३५ रुपयांचे, २८ दिवसांच्या मुदतीचे रिचार्ज पुढे आले. त्यानंतर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशी तीनदा मोठी दरवाढ झाली. हँडसेट स्वस्त राहिला, पण तो चालू ठेवणे महाग झाले. फोन घेताना हजार-दीड हजार रुपयांसाठी चार दुकाने फिरणारा मनुष्य त्यानंतर वर्षभरात त्याहून अधिक रक्कम रिचार्जवर खर्च करतो, आणि हा हिशेब विक्रेता त्याला सांगत नाही.

२८ दिवसांची मुदत हीदेखील समजून घेण्यासारखी बाब आहे. २८ ला १३ ने गुणले असता ३६४ होतात. म्हणजे पगार वर्षातून बारा वेळा, आणि रिचार्ज तेरा वेळा. ग्राहकांच्या तक्रारींनंतर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचे तसेच दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारे किमान एकेक पॅक ठेवणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक पाऊल पडले. ज्याला इंटरनेट नको त्याच्यासाठी केवळ बोलणे व एसएमएस यांचे स्वतंत्र व्हाउचर असलेच पाहिजे, असे ठरले. साध्या कळपट्टीच्या फोनवाल्याने न वापरलेल्या डेटाचे पैसे का द्यावेत, हा न्याय्य प्रश्न होता. तथापि खाजगी कंपन्यांनी प्रारंभी जाहीर केलेली अशी व्हाउचरे ८४ दिवस व ३६५ दिवस अशा लांब मुदतीची होती. ८४ दिवसांसाठी साडेचारशे ते पावणेपाचशे रुपये एकरकमी भरावे लागत. दिवसाचा दर कमी पडला, तरी ठेकेदाराकडून महिन्याचा पगार हाती येण्यापूर्वी खोलीभाडे आणि मेसचे पैसे ठरलेले असतात, त्याला ही रक्कम एकदम काढणे जड जाते. नियम गरिबाच्या बाजूचा असला तरी त्याचा लाभ प्रथम ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला मिळतो, हे येथे पुन्हा दिसून आले.

फोन बंद पडला तर बिघडते काय, असे कोणी विचारील. उदाहरणादाखल लातूर वा वाशीम जिल्ह्यातून येऊन खराबवाडी किंवा कुरुळीच्या चाळीत चौघांत एक खोली घेऊन राहणारा कंत्राटी कामगार डोळ्यांपुढे आणावा. सहा-सात महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ मिळतो आणि तो गावी जातो. उत्पन्न थांबते, तेव्हा रिचार्जही थांबते. सलग ९० दिवस क्रमांकाचा कोणताही वापर झाला नाही, तर कंपनीला तो बंद करता येतो, आणि पुढे काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. आता त्या क्रमांकाला काय काय जोडलेले होते ते पाहावे. बँकेचे खाते, आधार, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, गॅसची नोंदणी, मुलाच्या शाळेतील संपर्क. ठेकेदार बदलला तरी यूएएन एकच राहतो, हा कामगाराचा मोठा लाभ आहे. परंतु निधी काढण्याच्या वेळी खात्रीचा सांकेतिक आकडा, ज्याला सर्वजण ओटीपी म्हणतात, तो जुन्या क्रमांकावर जातो आणि तो क्रमांक तर कोणा अनोळखी माणसाच्या खिशात असतो. कष्टाचे पैसे सरकारदरबारी सुरक्षित असूनही हाती येत नाहीत. शिवाय नवी भरती निघाली की ठेकेदाराचा माणूस जुन्या यादीवरून फोन करतो, आणि ज्याचा लागत नाही त्याच्या पुढच्या नावाकडे वळतो.

ह्यावर एक उपाय नियमांतच आहे, पण तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. २०१३ च्या ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड ग्राहकाच्या मुख्य खात्यात २० रुपये वा अधिक शिल्लक असेल, तर ९० दिवसांनंतरही क्रमांक लगेच बंद करता येत नाही. ती रक्कम कापून आणखी ३० दिवस तो राखून ठेवला जातो. अडचण अशी की अमर्याद पॅकचे पैसे मुख्य खात्यात जमाच होत नाहीत. तेथे बहुधा शून्य असते. त्यासाठी वेगळा टॉप-अप करावा लागतो, आणि २० रुपयांचा टॉप-अप केल्यास कर व शुल्क वजा जाता खात्यात २० रुपये उरत नाहीत. म्हणून गावी निघण्यापूर्वी थोडा मोठा टॉप-अप करून ठेवणे श्रेयस्कर. क्रमांक सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार व निधी कार्यालय येथे नवा क्रमांक नोंदवून मगच जुना सोडावा. कंपनीविषयी नाराजी असेल तर क्रमांक बदलण्याचे कारणच नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर तोच क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ह्या गोष्टीचे गांभीर्य सर्वांना जाणवले. कारखाने थांबले, रिचार्जची दुकाने मिटली, आणि लक्षावधी लोकांचा घराशी असलेला एकमेव धागा तुटण्याची वेळ आली. ट्रायच्या सूचनेनंतर कंपन्यांनी कमी उत्पन्नाच्या प्रीपेड ग्राहकांची मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत वाढविली आणि काहींनी दहा रुपयांचे बोलणेही खात्यात जमा केले. दहा रुपयांची ती रक्कम हास्यास्पद वाटेल. गावी ‘ठीक आहे’ एवढे सांगण्यास ती पुरेशी होती.

आता खरेदीविषयी. चाकणच्या बाजारपेठेत किंवा पिंपरीच्या कॅम्पात फोन घेणाऱ्याने पहिला प्रश्न किमतीचा न विचारता जाळ्याचा विचारावा. जुन्या २-जी पद्धतीचा स्वस्त हँडसेट जिओच्या जाळ्यावर चालत नाही, कारण त्या कंपनीकडे २-जी सेवा नाही. त्यासाठी ४-जी कळपट्टीचा फोन लागतो. खोक्यावरचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक आणि फोनवर *#०६# दाबल्यावर दिसणारा क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. जुना फोन घेताना तर ही तपासणी अत्यावश्यक होय. १४४२२ ह्या क्रमांकावर ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि आयएमईआय असा एसएमएस केला असता तो फोन कोणत्या बनावटीचा व चोरीचा म्हणून रोखलेला आहे काय, हे कळते. पावती घ्यावी. पावतीमुळे शे-दोनशे रुपये अधिक पडतात अशी सबब सांगितली गेल्यास, फोन हरवल्यावर तीच पावती लागते हे लक्षात ठेवावे. काही कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन फाटकावरच ठेवून घेतात. तेथे जाणाऱ्याने साधा, कॅमेरा नसलेला फोन घेतलेला बरा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांत ५ किंवा ९ ही कळ दाबून धरल्यास संकटकाळी मदतीचा कॉल जावा अशी सोय करण्याचा नियम आहे. दुसऱ्या पाळीहून रात्री परतणाऱ्या स्त्री कामगारांना ती दुकानदाराकडून दाखवून घेता येईल.

सिमकार्ड कोणाच्या नावाचे, ही बाब ह्या पट्ट्यात विशेष नाजूक आहे. नव्याने आलेल्या तरुणाजवळ स्थानिक पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून खोलीतील जोडीदार किंवा मुकादम आपल्या नावावरचे सिम त्याला देतो. हे सौजन्य दोघांच्याही अंगाशी येऊ शकते. तरुणाने वर्षानुवर्षे वापरलेला क्रमांक कायद्याने त्याचा नसतो, आणि त्या क्रमांकावरून काही गैरप्रकार झाल्यास पोलीस मूळ नावाच्या दारी येतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणुकीने वा तोतयेगिरीने सिम मिळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत हे केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ ह्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि अनोळखी क्रमांक असल्यास तेथेच कळविता येते. हरवलेला फोन रोखण्याची सोयही तेथेच आहे. ह्या सोयीचा प्रारंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातूनच झाला होता. त्यासाठी पोलिसांकडील तक्रारीची प्रत आणि आयएमईआय लागतो. चाकणचा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे.

वापराबाबत दोनच गोष्टी सांगणे पुरे. साध्या फोनवरूनही पैसे पाठविता येतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सेवा त्यासाठीच सुरू केली, आणि इंटरनेटशिवाय ती चालते. गावी पैसे पाठविण्यासाठी दलालाला कमिशन देणाऱ्या कामगाराला ती शिकविण्यास अर्धा तास पुरेल. दुसरी गोष्ट फसवणुकीची. ‘सिम बंद होणार आहे, *४०१* आणि पुढे अमुक क्रमांक दाबा’ असा फोन येतो. तो दाबला की आपले येणारे कॉल त्या भामट्याकडे वळतात, व फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जातो. पैसे गेल्याचे कळताच १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. येथे तासाचाही विलंब महागात पडतो, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरविली जाते.

औद्योगिक पट्ट्यातील ग्रामपंचायतींना ह्या कामी वेगळ्या निधीची गरज नाही. भाडेकरूंची नोंद होते तेव्हाच सिम कोणाच्या नावाचे आहे, हे विचारता येते, आणि पंचायतीच्या संगणकावर महिन्यातून एक दिवस आयएमईआय व नावावरील क्रमांक तपासून देता येतात. शाळांचा संबंध तर त्याहून निकटचा आहे. परप्रांतीय व परजिल्ह्यांतील कामगारांचे मूल चार दिवस शाळेत आले नाही की शिक्षक नोंदवहीतील क्रमांक फिरवितात आणि ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असे उत्तर ऐकतात. कुटुंब खोली बदलून शेजारच्या गावात गेले की थेट बिहारला परतले, हे कळायला मार्ग राहत नाही. अशा मुलांच्या नावापुढे पालकाबरोबर घरमालकाचा किंवा नात्यातील आणखी एकाचा क्रमांक लिहून ठेवावा, जूनमध्ये पहिल्या पालकसभेत दोन्ही क्रमांक तेथल्या तेथे लावून पाहावेत, आणि दिवाळीला गावी गेलेली कुटुंबे परतल्यावर पुन्हा एकदा.